फोटोत काही नाही

आपल्या भागात एक्स-रेला सहसा कुणी एक्स-रे म्हणत नाही. फोटो म्हणतात. ‘पायाचा फोटो काढून आणला’, ‘डॉक्टरांनी फोटो बघितला’, आणि मग ते नेहमीचं वाक्य, ‘फोटोत काही नाही.’ हे ऐकलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पडावाच. फक्त एकाच माणसाचा पडत नाही, कारण ज्याला दुखत होतं त्याला अजून तसंच दुखतंय. ते माणूस म्हणजे नऊ-दहा वर्षांचं पोर असेल, त्यातून मुलगी असेल, तर दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत ‘फोटोत काही नाही’चं ‘हिला काही नाही’ होतं. आणखी पंधरा दिवसांनी ‘ही नाटक करते’ होतं.

एका वाक्याचं दुसरं कसं होतं, आणि तसं व्हावं का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दिसत नाही. ते त्याच्या तोंडूनच कळतं. मग दिसेपर्यंत त्याच्या शब्दाचं काय करायचं?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीला हाडांचा आजार निघाला, त्यातून पडला. तिचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या आईला ते नको आहे, आणि ते का नको आहे त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

मुलीचा उजवा पाय घोट्याच्या वर दुखायचा. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. कळ येते ती वेगळी, चमक निघते ती वेगळी, रग लागते, उसण भरते, शिणक मारते. ही पोरगी म्हणायची, ‘आई, आतून ठणकतंय गं.’ ठणका म्हणजे आत काहीतरी ठोके दिल्यासारखं, आणि तो रात्री जास्त. आज्जीनं तेल चोळलं, शेक दिला. ‘उंची वाढतीय, हाडं दुखणारच की. आमची नव्हती दुखली?’ म्हणाली. आज्जीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वाढीचं दुखणं खरंच असतं, आणि ठणकणाऱ्या दहा पोरांतल्या बहुतेकांचं तेच असतं. पण त्याची चाल ठरलेली असते. ते बहुधा दोन्ही पायांत, पोटऱ्यांत नाहीतर मांड्यांत येतं, संध्याकाळी-रात्री येतं, चोळलं की बरं वाटतं, आणि सकाळी पोर उड्या मारत शाळेला जातं. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा, सकाळीही न गेलेलं दुखणं, लंगडणं, सूज, रोजची झोपमोड, यातलं काही असलं तर ते वाढीचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं नसतं. ही मुलगी सकाळी लंगडत होती. लंगडणं सगळ्यांनी बघितलं होतं. पण फोटोत काही नव्हतं.

फोटो म्हणजे काय ते जरा बघू. १८९५ साली रॉंटगेननं हे किरण शोधले आणि आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात ठळक दिसतात ती बोटांची हाडं आणि तिची अंगठी. मांस पुसट सावलीसारखं. कारण हे किरण अडतात ते जड आणि टणक गोष्टींना. हाडातला चुना त्यांना अडवतो, म्हणून हाड पांढरं दिसतं. हाडाच्या आतला मऊ मगज सुजला, त्यात पाणी भरलं, तरी बाहेरचा चुना शाबूत असेपर्यंत साध्या फोटोला त्याचा पत्ता लागत नाही. चुना तीस ते पन्नास टक्के कमी झाल्यावर कुठं फोटोत फरक दिसतो, असं हाडांचे डॉक्टर शिकलेले असतात. म्हणजे ‘फोटोत काही नाही’ हे वाक्य खरं असतं, पण ते फोटोबद्दल असतं. आपण ते मुलीबद्दल घेतो.

असला आजार असतो हे वैद्यकशास्त्रालाही फार जुन्यापासून माहीत नाही. झुरिचच्या गिडिऑन नावाच्या, मुलांचे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ साली अशा चार मुलांबद्दल लिहिलं. हाडं सुजलेली, फोटोत जंतूंनी हाड पोखरल्यासारखे डाग, पण तपासलं तर जंतू नाहीत, आणि डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं. पुढे त्याला नाव पडलं सीआरएमओ, म्हणजे बऱ्याच ठिकाणी, परत परत येणारी हाडाची सूज. सगळ्यांना ती परत परत येत नाही आणि सगळ्यांना बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून आता सीएनओ हे मोठं नाव वापरतात. क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस. जंतूंशिवायची, रेंगाळणारी हाडाची सूज. सात ते बारा वर्षांच्या मुलांत जास्त, आणि मुलग्यांपेक्षा मुलींत साधारण दुपटीनं. शरीराचे स्वतःचेच पहारेकरी चोर नसताना दंगा करतात आणि घरातलीच भांडी फोडतात, असं समजा. ते का करतात हे अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. काही मुलांना याच्याबरोबर सोरायसिस किंवा तळहाता-तळपायांवर पुळ्या असतात, काहींना आतड्याची सूज असते. रक्ताची तपासणी पुष्कळदा जवळजवळ बरी येते. म्हणजे फोटो गप्प, रक्त गप्प, बोलणारी एकटी पोरगी.

आणि हे वय कुठलं? मुलगी वयात यायला लागते ते. या वयात मुलीनं काहीही तक्रार केली की घरातल्या बायकांकडे उत्तर तयार असतं. ‘आता सहन करायला शिक.’ आपण पुढच्या बाळंतपणाची शिकवणी घोट्याच्या दुखण्यापासून सुरू करतो. मुलगा लंगडला असता तर हेच झालं असतं का, ते प्रत्येकीनं आपापल्या घराला विचारावं. मी माझ्यापुरतं उत्तर दिलेलं आहे.

पाच महिने गेले. मधे हाडाच्या टीबीचा संशय झाला. आपल्या देशात तो संशय येणं बरोबरच आहे, टीबी आपल्याकडे मणक्यात आणि सांध्यात खरोखरच बसतो. औषधं सुरू करायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी मोठ्या शहरातल्या लहान मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली आणि मुलीच्या अंगावरून बोट फिरवत, दाबत, प्रत्येक ठिकाणी विचारलं, ‘इथं?’ गळ्याखालचं जे आडवं हाड खांद्याकडे जातं, त्याच्या आतल्या टोकाला बोट लागलं तशी मुलगी मागे सरकली. तिथं बारीकशी सूज होती. आईला वाटलं होतं दप्तराच्या पट्ट्यानं आली असेल. ‘हे कधीपासून दुखतंय बाळा?’ ‘दिवाळीपासून.’ ‘सांगितलं नाहीस?’ मुलगी म्हणाली, ‘पायाचं सांगितलं तर रागावतात, मग याचं कशाला सांगू?’

ही गोष्ट तिच्या आईनं मला सांगितली तेव्हा मला वाटलं, इथं माझा प्रश्न बदलला. तोपर्यंत मी समजत होते, पोरावर विश्वास ठेवायचा तो दयेपोटी, त्याला बरं वाटावं म्हणून. पण बघा, या आजारात गळ्याखालच्या हाडाला फार किंमत आहे. जंतूंची बाधा त्या हाडात क्वचित होते. तिथली सूज आणि दुसरीकडची सूज एकत्र मांडली की जाणत्या डॉक्टरला हा आजार सुचतो. म्हणजे मुलीच्या जवळ निदानाचा धागा होता, दिवाळीपासून होता, आणि तिनं तो गिळून टाकला होता, कारण साक्ष दिली की ओरडा मिळतो हे ती शिकली होती. ज्या साक्षीदाराला आपण खोटं ठरवतो तो पुढचं सांगायचंच बंद करतो. मग आपण म्हणतो, ‘आता दुखत नाही वाटतं, काही बोलत नाही.’

त्यानंतर सगळ्या अंगाचं एमआरआय झालं. डोक्यापासून पायापर्यंत, पाऊण-एक तास. या यंत्रात एक्स-रेचे किरण नसतात, चुंबक असतं. आईला आत बसू दिलं, पण मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना सगळं काढून ठेवायला लावलं. मोकळ्या गळ्यानं आणि हातानं ती लेकीच्या पायाशी बसली, आणि ते ठकठक वाजणारं यंत्र चालू झालं. हे चित्र चरबीचा उजेड विझवतं आणि पाण्याचा ठेवतं. निरोगी मगजात चरबी असते, तो काळा दिसतो. जिथं सूज आली, पाणी साठलं, तिथं काळ्यात पांढरा डाग उमटतो. साध्या फोटोत दिसायला महिने लागले असते ते इथं आधी दिसतं.

पूर्वी यासाठी किरणोत्सारी औषध टोचून हाडांचा स्कॅन करायचे, अजूनही काही ठिकाणी करतात. त्यात एक अडचण आहे. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात, त्या त्या स्कॅनमध्ये मुळातच उजळ दिसतात. हा आजार नेमका त्यांच्याच शेजारी बसतो, आणि दोन्ही बाजूंना सारखा बसला तर उजव्या-डाव्याची तुलना करूनही लक्षात येत नाही.

मुलगी सांगत होती दोन जागा. यंत्रानं दाखवल्या पाच. उजवा घोटा, डावाही घोटा, डाव्या गुडघ्याजवळ, गळ्याखालचं हाड, आणि पाठीचा एक मणका. पाठ दुखते असं ती कधीच म्हणाली नव्हती. नंतर विचारलं तरी म्हणाली, ‘नाही दुखत.’ आणि खरंच दुखत नव्हती. या आजारात असे मुके डाग असतात, आणि मणक्यातल्या डागाची भीती जास्त, कारण सुजून पोकळ झालेला मणका दबून चपटा होऊ शकतो आणि पाठीला बाक येऊ शकतो.

म्हणजे पोराचा शब्द तेवढा खरा, यंत्र खोटं, असं सोपं भाषण मला करता येत नाही. पहिल्या महिन्यात फोटो रिकामा होता आणि दुखणं खरं होतं. आता दुखणं नाही आणि डाग खरा आहे. दोघंही खरं सांगतात, पण आपापल्या पुरतं.

शिवाय चित्र आपण होऊन बोलत नाही. ते कुणीतरी वाचावं लागतं. धावत्या-खेळत्या निरोगी मुलांच्या पावलांतल्या हाडांतसुद्धा असे पांढरे ठिपके दिसतात, त्यात आजार काही नसतो. न जाणणाऱ्यानं वाचलं तर चांगल्या पोराला रोगी करेल. जाणकार वाचणारा विचारतो, मुलीचं वय काय, दुखतं कुठं, डाग वाढीच्या पट्टीला लागून आहे का, दोन्ही बाजूंना आहे का, पू साठल्यासारखा खळगा आहे का, मेलेल्या हाडाचा तुकडा सुटा पडलाय का. खळगा, पू, सुटा तुकडा असला तर जंतूंकडे बोट जातं. हे सगळं नसलं तरी मोठी भीती उरतेच. रक्ताचा कॅन्सर हाडातल्या मगजातूनच सुरू होतो, हाडाचा कॅन्सरही याच वयात होतो, आणि दोन्हींत पोर रात्री ‘ठणकतंय’ म्हणूनच रडतं.

म्हणून सगळ्यात अवघड प्रश्न येतो तो तुकडा काढण्याचा. हाडात सुई घालून तुकडा तपासायचा का? ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २०१६ साली याला एक वाट काढून दिली. लक्षणं आणि चित्र आजाराला शोभणारं असेल, एकापेक्षा जास्त हाडं असतील किंवा नुसतं गळ्याखालचं हाड असेल, आणि रक्तातला सीआरपी तीसच्या खाली असेल, तर तुकड्याशिवाय निदान करता येतं. एकच हाड असेल, किंवा सीआरपी चढलेला असेल, तर तुकडा काढावा. आणि गंमत अशी की तुकडा काढला तरी ‘हाच आजार’ असं त्यावर लिहून येत नाही. सूज आहे, जंतू नाहीत, कॅन्सर नाही, एवढंच येतं. या आजाराचं नाव बाकीची नावं खोडत खोडत उरतं.

आमच्या मुलीच्या आईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘शंभर टक्के हेच आहे ना?’ कुठलीही आई हेच विचारेल. त्या म्हणाल्या, ‘आज माझ्यापुढे जे आहे त्यावरून हेच वाटतं. तुकडा आत्ता काढायची गरज मला दिसत नाही. औषधानं पंधरा दिवसांत रात्रीचं दुखणं कमी व्हायला हवं. नाही झालं, ताप आला, वजन उतरलं, तर मी माझं मत बदलीन आणि तुकडा काढीन.’ घरी आल्यावर मोठे दीर म्हणाले, ‘या बाईलाच नक्की माहीत नाही, दुसरीकडे दाखवू.’ नक्की सांगणारा डॉक्टर आपल्याला शहाणा वाटतो. मला मात्र या बाईंचं बोलणं पटलं. आपलं मत कशानं बदलेल हे जो आधीच सांगून ठेवतो, त्यानं आपल्याला फसवायचं दार स्वतःच बंद केलेलं असतं. टीबीची औषधं जवळजवळ सुरूच करणारे पहिले डॉक्टर एकदम नक्की होते.

औषध साधंच निघालं. नॅप्रोक्सेन, सूज उतरवणारं, दोन वेळा, भरल्या पोटी. यानं भागलं नाही तर पुढे हाडांना बळ देणारी पॅमिड्रोनेटची सलाइन, मेथोट्रेक्सेट, आणखी महागडी इंजेक्शनं आहेत. आमच्याकडे अडचण आली ती वेगळीच. घरात दिवस मावळायच्या आत जेवण, आणि रात्रीची गोळी उपाशी पोटी द्यायची नाही. आज्जीनंच तोडगा काढला. मुलीचं जेवण सहाला, त्याबरोबर गोळी, सकाळची सहाला दुधा-नाष्ट्याबरोबर. बारा तास बरोबर बसले. दहाव्या दिवशी मुलगी रात्रभर झोपली.

आता नावाचं. तिच्या आईनं सासरी-माहेरी सगळ्यांना सांगितलंय, ‘पाय मुरगळला होता.’ मला म्हणाली, ‘अक्का, हाडाचं म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. उद्या तिचं लग्न ठरवायचंय. चार माणसांत कशाला?’ मला तिचा राग येत नाही. माणसं कशी बोलतात हे मलाही माहीत आहे. पण हे न सांगणं त्या मुलीला कसं पडतं ते बघा. शाळेत बाईंना माहीत नाही, म्हणून कवायतीच्या तासाला तिला पळायला लावतात. तिनं ‘पाय दुखतो’ म्हटलं की बाई म्हणतात, ‘मुरगळलेला पाय एवढे दिवस दुखतो होय?’ पाच महिने घरात जे झालं तेच आता शाळेत चाललंय, आणि या वेळी खोटं तिनं नाही, मोठ्यांनी सांगितलंय. गावभर सांगू नका. पण वर्गाच्या बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदाही बोलणार आहे.

सध्या घरात नवा वाद आहे. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी परत सगळ्या अंगाचं एमआरआय सांगितलंय, मणक्यासाठी. आपल्या भागातून जायचं म्हणजे एसटीचा प्रवास, मुक्काम, यंत्राचा खर्च, वडिलांचा दोन दिवसांचा पगार. मुलगी आता पळते, खेळते, रात्री झोपते. वडील म्हणतात, ‘आता कशाला? ती स्वतःच म्हणतीय की, नाही दुखत.’

ती ‘दुखतंय’ म्हणत होती तेव्हा या घरानं फोटो मागितला होता. आता ती ‘नाही दुखत’ म्हणते, तर तिच्या शब्दावर सगळ्यांचा एका दिवसात विश्वास बसलाय. तारीख श्रावणात आहे. आईनं भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, कुणाला न सांगता.